परसातील मधमाशीपालन : पेटी माशीच्या स्वभावाला साजेशी हवी

परसबागेत किंवा गच्चीवर मधमाशीपालन सुरू करणाऱ्याने पेटी विकत घेण्यापूर्वी आपल्या परिसरात कोणती माशी नांदते, हे पाहणे आवश्यक असते. एका जातीच्या माशीसाठी बेतलेली पेटी दुसऱ्या जातीला मानवत नाही. अशा पेटीतील वसाहत अशक्त होते किंवा पेटी सोडून निघून जाते.

कोणती माशी पेटीत राहते?

भारतात आढळणारी आग्या माशी उंच झाडांवर, कड्यांवर किंवा इमारतींच्या सज्जाखाली एकच मोठे पोळे उघड्यावर बांधते. फुलोरी माशीही झुडपात एकेरी, पण लहान पोळे बांधते. उजेडात राहणाऱ्या या दोन्ही माश्या पेटीत टिकत नाहीत. सातेरी ही देशी माशी आणि मेलिफेरा ही युरोपीय माशी मात्र झाडाची ढोली किंवा भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी अनेक समांतर पोळी बांधतात. मधपेटी म्हणजे या ढोलीचीच मानवनिर्मित आवृत्ती होय.

मोजमापाचे महत्त्व

अमेरिकेतील धर्मोपदेशक लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. दोन पोळ्यांमध्ये, तसेच चौकट आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये सुमारे ६ ते ९ मिलिमीटर वाट मोकळी ठेवली, तर माश्या ती येण्याजाण्यासाठी राखून ठेवतात, हे त्यांच्या पेटीचे मूळ तत्त्व आहे. वाट अरुंद असल्यास युरोपीय माशी ती राळेने बुजवते आणि रुंद असल्यास तेथे जादा पोळे बांधते. तसे झाल्यास चौकट बाहेर काढताना पोळी फाटतात आणि पिल्ले मरतात.

सातेरी आकाराने लहान असल्याने तिची मापे वेगळी असतात. मेलिफेराच्या कामकरी माशीचे घर सुमारे ५.३ मिलिमीटर, तर सातेरीचे प्रदेशानुसार सुमारे ४.३ ते ४.९ मिलिमीटर रुंद असते. त्यामुळे मेलिफेराचा मेणपत्रा सातेरीला दिल्यास त्यावर नरांची घरे वाढण्याचा धोका असतो. लँगस्ट्रॉथ चौकटीची लांबी ४४८ मिलिमीटर असते. सातेरीसाठी प्रमाणित केलेल्या लहान पेटीतील चौकटीचे आतील माप सुमारे २१० बाय १४५ मिलिमीटर इतकेच असते. मोठ्या, रिकाम्या पेटीत सातेरीच्या छोट्या वसाहतीला ऊब राखणे आणि पोळ्यांवर पहारा ठेवणे कठीण जाते.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. सातेरी राळ गोळा करत नाही, त्यामुळे पेटीच्या फटी ती स्वतः बुजवत नाही. लाकूड नीट जोडलेले नसल्यास फटींमध्ये मेणपतंगाची अंडी पडतात आणि त्याच्या अळ्या पोळी पोखरतात.

महाराष्ट्र आणि पंजाबचा अनुभव

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या डोंगराळ भागात सातेरीचे पालन रुजले आहे. महाबळेश्वर येथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, तर पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था कार्यरत आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले. जांभूळ, हिरडा, गेळा आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी हा येथील माश्यांचा चारा आहे.

उत्तरेत चित्र निराळे आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी, तेव्हा पंजाबात असलेल्या नगरोटा बगवां येथे मेलिफेरा यशस्वीपणे वसवण्यात आली. पंजाबच्या मैदानात आज तिचेच व्यापारी पालन चालते आणि मोहरीच्या हंगामात दहा चौकटींच्या लँगस्ट्रॉथ पेट्या शेतोशेती हलवल्या जातात. मेलिफेराचे मध उत्पादन सातेरीच्या कित्येक पट असते. मात्र व्हरोआ या परजीवी कोळ्याला सातेरी बऱ्याच अंशी आवर घालते, तर मेलिफेराची वसाहत उपचाराविना कोसळू शकते. सातेरीलाही रोग चुकलेला नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातील तिच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या.

चौकटीविना पेटी

काही पालक माशीला स्वतःच्या मापाने पोळे बांधू देणारी, आडव्या पट्ट्यांची पेटी पसंत करतात. तिच्यात चौकट आणि मेणपत्रा नसतो. वरच्या पट्टीची रुंदी मेलिफेरासाठी सुमारे ३५, तर सातेरीसाठी सुमारे ३० मिलिमीटर ठेवतात. ही पेटी स्वस्त आणि हाताळण्यास हलकी असते. मात्र तिच्यात मध पोळे कापूनच काढावा लागतो आणि कडक उन्हात नवे पोळे मऊ पडून तुटू शकते.

घराजवळ ठेवताना

चंडीगडमध्ये, उदाहरणार्थ सेक्टर ३९ सारख्या दाट वस्तीत, पेटीची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते. या शहरातील प्रमाणित सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा असतो. माश्या चाऱ्यासाठी एक किलोमीटर किंवा त्याहून दूर जात असल्याने एका घरातील वसाहत शेजारच्या सेक्टरांतील झाडांवरही अवलंबून असते. पेटीचे दार रहदारीच्या वाटेकडे नसावे. समोर कुंपण किंवा उंच झुडपे असल्यास माश्या माणसांच्या डोक्यावरून उडतात. उन्हाळ्यात दुपारी सावली आणि जवळ उथळ पाणी असावे. मुंग्यांपासून बचावासाठी पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात.

मध काढताना वसाहतीचा वाटा राखणेही तितकेच आवश्यक आहे. पिल्लांच्या कोठीतील मधाला हात न लावता केवळ वरच्या मधकोठीतील मध घ्यावा. घाटमाथ्यावर मुसळधार पावसाच्या महिन्यांत, तर उत्तरेच्या मैदानात मोहर संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात माश्यांना बाहेर पुरेसा चारा मिळत नाही. या काळात साठवलेला मध किंवा पालकाने दिलेला साखरेचा पाक हाच वसाहतीचा आधार असतो. सातेरी उपासमार आणि वारंवारची ढवळाढवळ फार काळ सोसत नाही. चांगल्या पेटीतूनही ती उडून जाऊ शकते.