बंदुकीची बुलेट, विमानाची चेतक

बुलेट आणि चेतक यांना एका पंगतीत बसवलं तर दोघींचेही भक्त नाक मुरडतील. एक गल्लीच्या तोंडापासून वर्दी देणारी. दुसरी नवरा-बायको, पुढ्यात उभं पोर आणि भाजीची पिशवी, सगळं निमूट वाहणारी. पण कूळ काढायला गेलं तर दोन्ही घराणी युद्धसामग्रीच्या धंद्यातली निघतात.

इंग्लंडातल्या रेडिचचे सायकलवाले एनफील्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवत. त्यावरून १८९३मध्ये ‘रॉयल एनफील्ड’ हे नाव आलं. पुढे मोटरसायकली आल्या, १९३२मध्ये त्यातल्या एकीचं नाव बुलेट पडलं.

चेतकची आजी व्हेस्पा. पियाज्जो ही इटलीची विमानं बनवणारी कंपनी. युद्धात पोंतेदेराचा कारखाना बॉम्बखाली गेला आणि युद्ध संपल्यावर विमानांचा धंदाही बसला. स्वस्त दुचाकी काढायचं काम आलं ते कोर्रादिनो द’आस्कानियो या हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरकडे. गंमत अशी, की त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, टांग टाकून बसावं लागतं, पंक्चर झालं की चाक काढताना जीव जातो! म्हणून त्याने साखळीच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाला भिडवून पत्र्याआड झाकलं, गिअर हातात दिला आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. १९४६च्या एप्रिलमध्ये पेटंटचा अर्ज गेला. मोटरसायकलच्या तिटकाऱ्यातून इतकी देखणी वस्तू निघावी, हे मला फार आवडतं.

भारतात दोघी आल्या त्या वेगवेगळ्या दारांनी. सीमेवरच्या गस्तीसाठी लष्कराने ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या आणि १९५५मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. व्हेस्पा आली बजाजकडे. आधी आयात, मग परवान्यावर उत्पादन. १९७१मध्ये परवाना संपला, आणि पुढच्याच वर्षी आकुर्डीहून राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून ती बाहेर पडली.

त्यानंतरचं श्रेय मात्र मी गाड्यांइतकंच परवानाराजला देईन. स्पर्धाच नव्हती, मग बदलायचं कशाला? चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. परकीय चलन भरणाऱ्याला लवकर मिळे. बुलेटचा गिअर उजव्या पायाशी नि ब्रेक डाव्या पायाशी, तसाच राहिला. अँमीटरचा काटा बघायचा, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जागेवर आणायचा, मगच किक. घाई केली तर नडगी शेकलीच. चेतक रुसली की आपल्या अंगावर तिरकी करायची. कारण विचारलं तर दहा जण दहा सांगत, पण करत सगळेच.

रेडिचचा कारखाना १९६७मध्ये बंद पडला, इंग्रज कंपनी १९७०मध्ये. मद्रासची बुलेट चालूच राहिली, आणि १९७७पासून चक्क इंग्लंडात विकायला जाऊ लागली.