ड्रोन, लायडर आणि शेताची हद्द

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडायला हवा, कारण तो मांडणारे अडाणी नाहीत. त्यांचे म्हणणे असे: महाराष्ट्रातल्या जमिनी साखळीने, शंकूने आणि प्लेन टेबलावरच्या कागदाने मोजल्या गेल्या. माणूस आला की चूक आली, चुकीमागून चिरीमिरी आली आणि दोन्हींमागून दिवाणी दावा आला. आता ड्रोनच्या पोटाशी लेझर स्कॅनर, म्हणजे लायडर, बांधला की तो सेकंदाला लाखो स्पंद सोडतो, झाडांखालची जमीनही टिपतो, दोन-तीन सेंटिमीटरांची अचूकता देतो आणि त्याला कोणी चहा पाजू शकत नाही. तेव्हा एकदा राज्यभर लायडर फिरवा, बांधांची भांडणे मिटलीच म्हणून समजा.

हे मत परिसंवादांत ऐकू येते, वर्तमानपत्रांत छापून येते आणि तलाठी कार्यालयाच्या ओट्यावरही निघते. त्याला सरकारी बळही आहे. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्राने शहरी जमिनींच्या मोजणीसाठी ‘नक्शा’ हा कार्यक्रम १५२ शहरांत सुरू केला, आणि त्यातल्या हवाई मोजणीच्या प्रकारांत लायडरलाही जागा आहे. म्हणजे वाद हवेतला नाही, पैसा खर्च होणार आहे. म्हणूनच सांगायला हवे की या पूर्वपक्षातली तीनही पावले निसरडी आहेत: दाट बिंदू म्हणजे अचूक बिंदू, लेझरला झाडाआडचे दिसते, आणि मोजणी अचूक झाली की वाद संपतो. पहिल्या दोन पावलांवर लायडरची जाहिरात उभी आहे, तिसऱ्यावर धोरण उभे राहू पाहते आहे.

बिंदूंपासून सुरुवात करू. लायडर स्वतः फार थोडे मोजतो. स्पंद जाऊन परत यायला किती वेळ लागला हे तो मोजतो आणि आरसा त्या क्षणी कोणत्या कोनात होता हे नोंदवतो. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतर पंधरा सेंटिमीटरांनी चुकते, पण हा भाग यंत्र बनवणाऱ्यांनी केव्हाच आटोक्यात आणला आहे. अडचण पुढे आहे. स्पंद सुटला तेव्हा ड्रोन नेमका कुठे होता हे उपग्रहांवर चालणारा ग्राहक सांगतो, आणि स्कॅनर किती कललेला होता हे जडत्वमापक सांगतो. शंभर मीटर उंचीवर कल मोजण्यात ०.०५ अंशाची चूक झाली तर जमिनीवरचा बिंदू जवळजवळ नऊ सेंटिमीटर सरकतो. अशा वेळी चौरस मीटरला दोनशे बिंदू असले काय आणि दोन लाख असले काय, सगळे एकत्रच आणि एकाच बाजूला सरकतात. नेम चुकवणाऱ्या बंदुकीत जास्त गोळ्या भरल्याने नेम सुधारत नाही. पडद्यावर रंगीबेरंगी बिंदुमेघ गरगर फिरवून दाखवणाऱ्याला म्हणून एवढेच विचारावे: शेजारशेजारच्या दोन उड्डाणपट्ट्या जिथे एकमेकींवर येतात, तिथला एखाद्या कौलारू घराच्या आढ्याचा छेद काढून दाखवा. तिथे आढी दोन दिसली तर पुढचे ऐकायची गरज नाही. आणि जमिनीवर वेगळे, स्वतंत्रपणे मोजलेले तपासबिंदू नसतील तर ‘दोन सेंटिमीटर’ ही यंत्राच्या माहितीपत्रकातली अचूकता आहे, तुमच्या शेतावरची नव्हे.

उंचीची गोष्ट याहून मजेची आहे. उपग्रहावरून मिळते ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची. पाणी वाहते ते मात्र गुरुत्वाच्या पृष्ठभागाप्रमाणे, ज्याला आपण ढोबळमानाने समुद्रसपाटी म्हणतो. मुंबई-पुण्याकडे या दोन्हींत साठ मीटरांहून अधिक फरक आहे, म्हणून मुंबईत समुद्रकिनारी उभे राहिलात तर कच्ची उंची उणे येते. हा फरक सगळीकडे सारखा असता तर वजा करून मोकळे होता आले असते. तोही जागोजागी हळूहळू बदलतो. पाझर तलावाचा सांडवा किंवा कालव्याचा उतार ठरवताना हा हिशेब विसरला, तर सेंटिमीटरांची अचूकता कागदावर राहते आणि पाणी आपल्या वाटेने जाते. शिवाय भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. जागतिक संदर्भचौकटीतले निर्देशांक त्यामुळे वीस वर्षांत मीटरभर बदलतात, बांध तसूभरही न हलता. ते कोणत्या वर्षाचे आहेत हे त्यांच्याबरोबर लिहिलेले नसेल तर उद्याचा मोजणीदार आजच्या हद्दीला मीटरभर अतिक्रमण ठरवील आणि तोही प्रामाणिकपणे.

आता झाडे. ‘लेझर जंगल भेदतो’ हा समज पसरण्यामागे पुरातत्त्वाचा मोठा वाटा आहे. बेलीझमधील काराकोल २००९ साली आणि कंबोडियातील अंगकोरचा परिसर २०१२ साली हवाई लायडरने टिपला, आणि रानाखाली गडप झालेले रस्ते, बांध, वस्त्या पडद्यावर उघड्या पडल्या. कौतुक व्हायलाच हवे. पण लेझर पानातून आरपार जात नाही. पानांच्या फटींतून जेवढे स्पंद निसटतात तेवढेच जमिनीला लागतात, आणि नंतर संगणकाची गाळणी सर्वांत खालचे बिंदू ‘जमीन’ म्हणून निवडते. उंच झाडांच्या रानात ही युक्ती चालते, कारण शेंडा आणि जमीन यांत कित्येक मीटरांचे अंतर असते. गवतात तिची दांडी गुल होते. स्पंदाला स्वतःचीच लांबी असते. चार नॅनोसेकंदांचा स्पंद अंतराच्या मापात साठेक सेंटिमीटर व्यापतो, तेव्हा गुडघाभर गवताचा शेंडा आणि त्याखालची माती यांचे परतलेले प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. भाद्रपदात कोकणातल्या सड्यावर ड्रोन उडवून मिळणारी ‘जमीन’ म्हणजे बऱ्याच अंशी गवताची पातळी असते. कोल्हापूर-सांगलीकडच्या उभ्या उसात फटीच राहत नाहीत. भातखाचरात पाणी उभे असेल तर नेहमीच्या स्कॅनरचा अवरक्त किरण ते पाणी गिळून टाकते किंवा भलतीकडे परतवते, आणि नकाशावर भोके पडतात.

याहून गंभीर गोष्ट अशी की जमीन ‘साफ’ करणारी ही गाळणी नेमक्या त्याच वस्तू पुसते ज्या आपल्याला हव्या असतात. अरुंद, उभट आणि भोवतालापेक्षा उंच असलेले काहीही तिला जमीन वाटत नाही. कोकणातला जांभ्याचा गडगा म्हणजे दोन खातेदारांमधला पिढ्यान्पिढ्यांचा पुरावा. गाळणीचे माप जरा कडक ठेवले की तो झुडपांबरोबर गायब होतो, आणि जो नकाशा हाती पडतो त्यावर दोन वाड्या एक झालेल्या असतात. गावठाणात उलटी गंमत. वरून दिसते ते छप्पर, भिंत नव्हे. कौलारू घराची वळचण भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट येते, आणि गावठाणातली निम्मी भांडणे त्याच दोन-अडीच फुटांची असतात: तुमच्या पागोळ्या माझ्या अंगणात का पडतात? तिरपा किरण टाकणारा स्कॅनर भिंतीचा काही भाग टिपतो हे खरे, पण दोन घरांमधल्या हातभर बोळात तोही शिरत नाही. तिथे टेपच लावावी लागते.

तिसरे पाऊल सर्वांत निसरडे, आणि त्याचे मूळ जुने आहे. एकोणिसाव्या शतकात या भूमीवर दोन वेगळ्या मोजण्या झाल्या. एक लॅम्ब्टनची. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा आखून त्याने महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि १८२३ साली ते काम करता करताच आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला देह ठेवला. पृथ्वीचा आकार शोधणारी ती मोजणी. दुसरी मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केली. तिला पृथ्वीच्या आकाराशी देणेघेणे नव्हते, शेतावर किती आकार बसवायचा एवढाच तिचा प्रश्न. पहिली मोजणी पराकोटीची अचूक होती आणि तिला कोणाचे शेत माहीत नव्हते. दुसरी ढोबळ होती, पण प्रत्येक शेताला तिने नंबर दिला आणि तो नंबर कोणाच्या तरी नावाशी बांधला. आणि या मोजणीतले बहुतांश गावनकाशे त्रिकोणमितीच्या बिंदूंना कधी बांधलेच गेले नाहीत. शेजारच्या दोन गावांचे नकाशे आज संगणकात जोडायला गेले की शिवेवर कुठे फट तर कुठे चढ निघते, ती त्याची फळे. लायडर हा सरळसरळ लॅम्ब्टनच्या घराण्यातला. त्याच्याकडून विंगेटच्या प्रश्नाचे उत्तर मागणे हाच मूळ घोटाळा.

विंगेटच्या घराण्यातला कागद किती बारीक बोलतो तेही पाहू. शंकू-साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा, एक भाग म्हणजे एक आणा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा. शेताच्या मोजणीच्या टिपणावरची अंतरे साखळ्या आणि आणे यांतच लिहिलेली असतात. एक आणा म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर. मोजणीदाराने अर्धा आणा ओळखला असे धरले तरी तो कागद तीस सेंटिमीटरांच्या आत जाऊ शकत नाही. त्या टिपणावरून काढलेली हद्द दोन सेंटिमीटरांच्या बिंदुमेघावर बसवली म्हणून ती दोन सेंटिमीटरांची होत नाही. तीस सेंटिमीटरांचा संशय फक्त सुबक दिसू लागतो, आणि सुबक संशय न्यायालयात अधिक घातक ठरतो. त्यावर पोटहिस्से, तोंडी वाटण्या, एकत्रीकरण योजनेत कागदावर बदललेले पण रानात न बदललेले गट यांची पुटे चढलेली. बारा वर्षांचा प्रतिकूल ताबा कायद्यात हक्क निर्माण करू शकतो. बारा वर्षे कोणत्या तरंगलांबीवर दिसतात?

प्रतिपक्ष इथे गावठाणांकडे बोट दाखवील. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू झालेली ड्रोन मोजणी आणि पुढे एप्रिल २०२० पासूनची स्वामित्व योजना यशस्वी झालीच ना? झाली. पण कशामुळे? एक तर त्या ड्रोनवर लायडर नव्हता, कॅमेरा होता. मोकळ्या जागी, पक्क्या नियंत्रणबिंदूंवर बांधलेले छायाचित्र कडा आणि रेषा लायडरइतक्याच किंवा त्याहून स्पष्ट दाखवते. दुसरे अधिक महत्त्वाचे. ड्रोन उडण्याआधी गावात चुन्याच्या रेषा मारल्या गेल्या. आपली हद्द कुठवर हे घरमालकांनी शेजाऱ्यांसमक्ष दाखवले, तिथे फक्की पडली आणि मग आकाशातून ती टिपली गेली. वाद मिटला असेल तर तो फक्की टाकताना मिटला. जिथे शेजाऱ्यांचे जमले नाही तिथे वरून मिळालेल्या चित्राने काहीही ठरवले नाही.

मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे उदाहरण याच्याही पुढे जाते. ५०८ किलोमीटरच्या मार्गासाठी हवेतून लायडर सर्वेक्षण झाले. जमिनीवरून ज्याला दहा-बारा महिने लागले असते ते बारा आठवड्यांत उरकले. मार्ग कुठून न्यायचा, खांब कुठे, पूल कुठे, कोणत्या इमारती आड येतात या प्रश्नांना लायडरने झटपट उत्तरे दिली, आणि ते त्याचेच काम होते. भूसंपादन पूर्ण झाल्याचे मात्र जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. मधली वर्षे मालक कोण, हिस्सा कोणाचा, मोबदला किती आणि संमती आहे की नाही यांत गेली. यातल्या एकाही प्रश्नाला बिंदुमेघात उत्तर नव्हते.

खंडन एवढे पुरे. लायडर टाकून द्या असे मी म्हणत नाही. घाटरस्ते, दरडी, पाणलोट, खाणींतून उपसलेले घनफळ, वीजवाहिन्यांखालची झाडे, गडकोटांचे रानात बुडालेले तट, पूररेषा: इथे त्याला तोड नाही, आणि इथे त्याचा वापर आज होतो त्याहून पुष्कळ वाढायला हवा. हद्दीसाठी मात्र क्रम उलटा हवा. आधी टिपणे, गुणाकार बुके आणि फाळणीबारे ही मोजणीची जुनी कागदपत्रे स्वच्छ करून संगणकात आणावीत, आणि प्रत्येक गावाच्या जुन्या मोजणीला किती तफावत मान्य आहे हे लेखी ठरवावे. मग लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन, त्यांच्या समक्ष, हद्दीच्या दगडावर रोव्हरची, म्हणजे फिरत्या उपग्रह-ग्राहकाची, काठी टेकवावी. भूमी अभिलेख खात्याच्या हाती कॉर्स, म्हणजे सतत चालू असलेल्या उपग्रह-संदर्भ स्थानकांचे जाळे आणि रोव्हर आज आहेत, आणि दगडाचा निर्देशांक त्यांतून दोन-तीन सेंटिमीटरांत मिळतो. लायडरला नोटीस लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. हद्दीच्या कामात तोच त्याचा दोष आहे.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो, आणि तो प्रतिपक्षाने अजून नीट मांडलेला नाही. बांध एका रात्रीत सरकत नाही, दर पेरणीला नांगराच्या एकेका तासाने कोरला जातो. अमुक वर्षी बांध कुठे होता याचा तटस्थ पुरावा आज कोणाकडेच नसतो. लायडर हद्द ठरवू शकत नसला तरी बांधाची जागा आणि उंची तारखेनिशी नोंदवू शकतो, आणि दोन नोंदींतला फरक भांडणाऱ्यांपैकी कोणाचीही भीड ठेवणार नाही. पण त्यासाठी राज्यावरून एकदा उडून भागणार नाही. रान मोकळे असताना, फाल्गुन-चैत्रात, त्याच संदर्भचौकटीत आणि बांध न पुसणारी गाळणी लावून दर काही वर्षांनी पुन्हा उडावे लागेल, आणि कच्चा बिंदुमेघ जुन्या टिपणाइतकाच जपून ठेवावा लागेल. निविदा निघण्यापूर्वी हा खर्च कोणी आणि किती वर्षे सोसायचा, हे ठरवायला हवे.