गवत गेले, मासे राहिले

अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी ओळ काढतो. मग एखादा विद्यार्थी विचारतो, "आणि समुद्रात?" तिथे पहिल्या घरात 'वनस्पतिप्लवक' असे लिहून आपण मोकळे होतो. उत्तर बरोबरच आहे. पण समुद्रतळावरची ही साखळी ज्याने पहिल्यांदा वजनकाट्यावर चढवली, त्याने पहिल्या घरात चक्क गवत लिहिले होते, आणि तेही भरपूर पुराव्यानिशी. तो चुकला होता हे कळायला एक साथ यावी लागली. माणसांची नव्हे, गवताची.

ही गोष्ट डेन्मार्कची. या देशाच्या उत्तर भागात लिमफ्योर्ड नावाची एक लांबच लांब, फाटे फुटलेली खाडी आहे. तिच्या पश्चिम टोकाला वाळूचा बांध होता. ३ फेब्रुवारी १८२५ रोजी वादळात उत्तर समुद्राने तो फोडला आणि गोडसर पाण्याची खाडी खारी झाली. गोड्या पाण्यातले मासे गेले, खाऱ्यातले आले. त्यांत प्लेस नावाचा चपटा मासा होता. आपल्या कोकणातल्या लेपीचा हा लांबचा भाऊबंद म्हणता येईल. त्यावर खाडीकाठच्या कोळ्यांचे बरे चालू लागले. पण शतक संपत आले तसे तक्रारींचे सूर निघू लागले. जाळ्यात मोठा मासा येईना, येई ते पिल्लूच. मासा संपत चालला आहे की आपणच त्याला वाढू देत नाही?

हा प्रश्न सी. जी. योहानस पीटरसन (१८६०–१९२८) यांच्यापुढे आला. तरुणपणी 'हाउख' या गनबोटीवरून १८८३ ते १८८६ या काळात त्यांनी कॅटेगॅट समुद्राचा तळ पालथा घातला होता. १८८९ मध्ये डॅनिश जैविक केंद्र स्थापन झाले आणि ते त्यांच्या हाती आले. हे केंद्र एका जहाजावर थाटलेले होते. आज या खाडीत, पुढच्या वर्षी त्या खाडीत नेऊन नांगरायचे. मला या व्यवस्थेचा हेवा वाटतो. प्रयोगशाळा किनाऱ्यावर असली की नमुने तिच्यापर्यंत पोहोचेतो अर्धे मरतात आणि उरलेल्यांच्या चिठ्ठ्या भिजतात.

पीटरसन यांनी माशांच्या अंगावर तारेने हाडाच्या चकत्या बसवल्या आणि ते सोडून दिले. कोळ्यांनी खुणेचा मासा आणून दिला की तो कुठून कुठे गेला, किती वाढला ते कळे. (खुणेच्या प्राण्यांवरून एकूण संख्या काढण्याच्या पद्धतीला आज पीटरसन-लिंकन पद्धत म्हणतात. वर्गात ती चवळीच्या दाण्यांवर करून पाहता येते. बरणीतले २०० दाणे रंगवून मिसळा. मग न पाहता १०० काढा. त्यांत १० रंगीत निघाले तर बरणीत सुमारे २,००० दाणे आहेत.) असे दिसले की खाडीच्या तोंडाशी प्लेसची पिल्ले दाटीवाटीने राहतात आणि खुरटतात. तीच उचलून आतल्या भागात सोडली की झपाट्याने वाढतात. मासा तोच, समुद्र तोच, मग फरक कशाचा? अन्नाचा. म्हणजे मासे मोजून भागणार नव्हते. तळावरचे अन्न मोजायला हवे होते.

तोवर समुद्रतळावरचे प्राणी गोळा करायची रीत म्हणजे जाळीची पेटी तळावरून फरपटत न्यायची. तिच्यात काय काय आहे ते कळते, पण चौरस मीटरला किती ते कळत नाही. पीटरसन यांनी दोन जबड्यांचे लोखंडी खोरे तयार केले. ते उघड्या तोंडाने दोरावरून खाली सोडायचे. तळाला टेकून दोर ओढला की जबडे मिटतात आणि एक दशांश चौरस मीटर जागेतला गाळ त्यातल्या जीवांसकट वर येतो. मग चाळायचे, निवडायचे, मोजायचे, वजन करायचे. कल्पना इतकी साधी की आधी कुणाला सुचली कशी नाही असे वाटावे. या खोऱ्याची सुधारलेली भावंडे आजही जगभर वापरात आहेत. रत्नागिरीसमोर मचव्यावरून मी ती कित्येकदा सोडली आहेत. जबड्यात एखादी शिंपली अडकली की सगळा गाळ वर येताना धुऊन जातो, आणि खलाशी आपल्याकडे ज्या नजरेने पाहतात ती पीटरसन यांनीही पाहिली असणार.

या कामात त्यांचा तरुण सहकारी होता पेटर बॉयसन येन्सन. नाव ओळखीचे वाटते ना? उच्च माध्यमिकच्या वनस्पतिशास्त्रात ओटच्या कोंबाचे टोक कापून मध्ये जिलेटिन ठेवणारा, आणि तरीही कोंब प्रकाशाकडे वळतो हे दाखवणारा 'बॉयसन जेन्सन' तो हाच. वनस्पतींच्या संप्रेरकांचा माग काढणारा हा माणूस त्याच सुमारास खाडीतला चिखल तपासत होता, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

दोघांनी १९११ मध्ये आपला पहिला मोठा अहवाल छापला. त्याचे नावच मुळी 'समुद्राचे मूल्यमापन' अशा अर्थाचे होते. शेतजमिनीची प्रत ठरवावी तशी तळाची प्रत ठरवायची. शिंपल्या, किडे, तारामासे यांची पोटे उघडून पाहिली तेव्हा त्यांत मुख्यत्वे बारीक तपकिरी चुरा सापडला. हा चुरा कुठला? उथळ पाण्यात पाहावे तिकडे ईलग्रास पसरलेले होते.

ईलग्रास, म्हणजे झोस्टेरा मरीना, हे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, बिया धरतात. आपल्या किनाऱ्यावर ही जात नाही, पण तिच्यासारखी समुद्रगवते मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात आहेत. डुगाँग चरतो ती हीच. डेन्मार्कमध्ये १९०० च्या आसपास या गवताने सुमारे ६,७०० चौरस किलोमीटर तळ व्यापला होता. लोक ते गाद्यांत भरत. लेसो बेटावर घरे त्यानेच शाकारत.

दर हिवाळ्याला ही पाने झडतात, कुजतात, त्यांचा चुरा प्रवाहाबरोबर खोल पाण्यापर्यंत जातो. चुऱ्यावर शिंपल्या, शिंपल्यांवर प्लेस. पीटरसन यांनी १९१८ मध्ये कॅटेगॅटचा ताळेबंदच मांडला: तळाशी २ कोटी ४० लाख टन ईलग्रास, त्यावर लाखो टन लहान प्राणी, आणि वर प्लेस व कॉड अवघे पाच-सहा हजार टन प्रत्येकी. आकृतीतल्या चौकटी वजनाच्या प्रमाणात काढलेल्या. मासे ज्यांना खात नाहीत त्या प्राण्यांच्या चौकटीवर 'निरुपयोगी' असे लिहिले होते. मासळीखात्याचा माणूस, दुसरे काय लिहिणार! आपल्या पुस्तकातल्या अन्नमनोऱ्याचे हे एक मूळ रूप.

शेजारच्या जर्मनीत, कील येथे, व्हिक्टर हेन्सन मात्र वेगळेच सांगत होते. 'प्लँक्टन' हा शब्द त्यांचाच, १८८७ चा. समुद्राचे खरे कुरण पाण्यात तरंगते, असे त्यांचे म्हणणे. पण तरंगती वनस्पती जाळ्यात सापडे चिमूटभर आणि गवत मात्र डोळ्यांसमोर डोंगराएवढे. डेन्मार्कच्या उथळ समुद्रापुरते तरी पीटरसन यांचे पारडे जड दिसत होते.

पीटरसन १९२८ मध्ये वारले. १९३१ मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ईलग्रासच्या पानांवर काळपट डाग पडू लागले, पाने गळाली, कुरणेच्या कुरणे नाहीशी झाली. दोनेक वर्षांत रोग युरोपात पोहोचला. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे सुमारे ९० टक्के ईलग्रास गेले. (रोगकारक लॅबिरिंथुला हा सूक्ष्मजीव. त्याच्यावर संशय तेव्हाच होता, पण प्रयोगाने दोष शाबीत झाला तो १९८० च्या दशकात.) एवढा मोठा प्रयोग कुणी शास्त्रज्ञ करू धजला नसता. मनोऱ्याचा पायाच काढून घेतला होता. आता मासे कोसळायला हवे होते.

ते कोसळले नाहीत. डेन्मार्कच्या मासळीत ताळेबंदाने सांगितली असती तशी घसरण झालीच नाही. तळावरचे प्राणीही बव्हंशी जागच्या जागी होते.

चूक कुठे होती? वजने बरोबर होती, वाचन चुकले. भाजीवाल्याच्या हातगाडीवर एका वेळी वीसच किलो माल असतो, पण दिवसातून पाच वेळा गाडी भरली तर विक्री शंभर किलोंची होते. वखारीत हजार किलो पडून असतात आणि वर्षात एकदाच हलतात. वनस्पतिप्लवक ही हातगाडी, ईलग्रास ही वखार. प्लवकाची पेशी दिवसा-दोन दिवसांत दुभंगते आणि लगेच खाल्लीही जाते, म्हणून जाळ्यात कधीच फारशी सापडत नाही. पोटातल्या चुऱ्याचेही तसेच. पोटात सापडते ते बऱ्याचदा न पचलेले. नाजूक प्लवक पचून गेलेले असते, चिवट तंतू मागे राहतात. शिलकीचे वजन आणि उत्पादनाचा वेग यांतला हा फरक मोजायला साधन हवे होते. ते १९५२ मध्ये मिळाले. एइनार स्टेमान नील्सन यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून पाण्यातले प्रकाशसंश्लेषण मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. तेही डेन्मार्कचेच.

इथे गोष्ट संपवली तर ईलग्रासवर अन्याय होईल. मासे राहिले, पण सारेच राहिले नाही. हे गवत खाऊन हिवाळा काढणाऱ्या ब्रेंट बदकहंसांची संख्या घटली. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी सरोवरांत रोगापाठोपाठ १९३३ चे चक्रीवादळ आले. गवत मुळापासून गेले आणि त्यात वाढणारे स्कॅलप शिंपले व त्यांची मासेमारीही गेली. आणि एक चिमुकली गोगलगाय, लॉटिया अल्व्हिअस, फक्त ईलग्रासच्या पानावर राहणारी. थोडेसे गवत निमखाऱ्या खाड्यांत तगून राहिले, कारण तिथे रोगकारकाचे फावत नाही. पण कमी खारे पाणी या गोगलगायीलाही सोसत नव्हते. १९२९ नंतर ती कुणालाच सापडली नाही. ती नामशेष झाल्याचे जेम्स कार्ल्टन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले तेव्हा १९९१ साल उजाडले होते. साठ वर्षे कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

व्हर्जिनियात १९९९ पासून वैज्ञानिकांनी आणि स्वयंसेवकांनी बिया गोळा करून पेरल्या, एकूण ७ कोटींहून अधिक. पेरणी झाली दोनशे हेक्टरांहून थोड्या अधिक जागेत. २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले तेव्हा गवत आपणहून ३,६०० हेक्टरांवर पसरले होते. स्कॅलपही पुन्हा सोडले गेले.

डेन्मार्कमध्येही ईलग्रास काही प्रमाणात परतले, पण पूर्वीच्या खोलीपर्यंत नाही. शेतांतली खते वाहून येतात, प्लवक माजते, पाणी गढूळ होते आणि तळाशी उजेड पोहोचत नाही. एकेकाळी पीटरसन यांना न दिसलेले प्लवक आता गवताला झाकोळते आहे. गवत किती खोलवर उगवते, यावरून तिथे पाण्याची प्रत ठरवतात. मूळची खोली किती होती हे पाहायला ते पीटरसन यांच्या काळी झालेली मोजणी उघडतात. ती ऑस्टेनफेल्ड यांनी १९०८ मध्ये छापली होती.