भिशीचा हिशेब आणि फोनची रिकव्हरी

आमच्या गल्लीत ‘रिकव्हरी’ या शब्दाचा एकच अर्थ होता: वसुली. हप्ता थकला की रिकव्हरीची माणसं दारात यायची. त्यामुळे २०१५ च्या उन्हाळ्यात मी आईला म्हटलं, “तुझ्या फोनात नवी रिकव्हरी टाकतो,” तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणाली, “का रे, फोनवर कुणाचं देणं राहिलंय?” मी हसलो. रात्री अकरा वाजेपर्यंत ते हसू उतरलं होतं.

मी तेव्हा इचलकरंजीत डिप्लोमा करत होतो. आईच्या फोनला कंपनीकडून अपडेट येणं बंद झालेलं, काढता न येणाऱ्या अ‍ॅप्सनी जागा अडवलेली, व्हॉट्सअ‍ॅप उघडेपर्यंत चहा उतू जाईल अशी गत. उपाय मी वाचून ठेवला होता: आधी बूटलोडर अनलॉक करायचा, मग कस्टम रिकव्हरी टाकायची, मग तिच्यातून नवी सिस्टम. केबल जोडली, कमांड दिली. फोनवर इंग्रजी मजकुराचं एक पान आलं. मी व्हॉल्यूमच्या बटणाने खाली गेलो आणि ‘यस’ निवडलं. फोनमधला सगळा खाजगी डेटा पुसला जाईल, असं त्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

त्या फोनच्या नोट्समध्ये आईचा भिशीचा हिशेब होता. १४ बायका, महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये, कुणाची चिठ्ठी निघाली, कुणाचे पैसे राहिले. सात महिन्यांचा हिशेब दोन मिनिटांत गेला.

त्यानंतर मी बऱ्याच मित्रांच्या फोनमध्ये रिकव्हरी टाकली. पण आधी या वस्तूचा इतिहास वाचून काढला. मी नक्की कशाला हात लावला होता, ते मला त्यातून कळलं.

रिकव्हरी म्हणजे अँड्रॉइड फोनमधला एक वेगळा, छोटा कप्पा. त्यात स्वतःचं कर्नल असतं आणि मोजकी कामं येणारी एक छोटी सिस्टम असते. मुख्य सिस्टम बंद पडली तरी ती चालू होऊ शकते. पूर्वी अपडेट येताना फोन रीस्टार्ट होऊन हिरवा रोबोट दिसायचा, तेव्हा काम करत असायची ती रिकव्हरीच. कंपनीच्या रिकव्हरीला मुख्यतः दोन गोष्टी येतात: कंपनीची डिजिटल सही असलेलं अपडेट बसवणं आणि फॅक्टरी रीसेट करणं. म्हणजे फोन बिघडला तर ती तुम्हाला एकाच ठिकाणी परत नेते, कारखान्याच्या दारात. तुम्ही मधल्या काळात फोनमध्ये जे काही उभं केलंत, ते तिच्या खिजगणतीत नसतं.

ही चौकट मोडायला सुरुवात झाली ती एका विनोदी चुकीमुळे. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-वन, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विकायला आला. तो एचटीसीने बनवला होता आणि त्याला सरकवून उघडायचा कीबोर्ड होता. काही दिवसांतच लोकांच्या लक्षात आलं की कीबोर्डवर टाइप केलेलं सगळं पडद्याआड एका रूट शेललाही पोचतंय. म्हणजे एंटर दाबून ‘रीबूट’ हा शब्द टाइप केला आणि पुन्हा एंटर दाबलं, की फोन खरोखरच रीबूट व्हायचा! मित्राला मेसेज लिहिताना फोनचा सर्वाधिकार तुमच्या बोटांखाली असायचा आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसायचा.

गूगलने नोव्हेंबरमध्येच अपडेट पाठवून हे भोक बुजवलं. पण तोवर काहींनी त्यातून आत शिरून रूट मिळवला होता. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: अपडेट घेतलं तर रूट जाणार, नाही घेतलं तर फोन मागे पडणार. अपडेट बसवते कोण? रिकव्हरी. मग रिकव्हरीच बदलली तर? अँड्रॉइडचा सोर्स कोड त्याच ऑक्टोबरमध्ये खुला झाला होता आणि त्यासोबत सह्या करायच्या टेस्ट-कीजही होत्या. जीझसफ्रीक या टोपणनावाच्या डेव्हलपरने, आणि त्याच्यासारख्या इतरांनी, त्या कीजने सही केलेलं अपडेट स्वीकारणारी रिकव्हरी बनवली. आता दारावरचा पहारेकरी आपला होता. याच परंपरेत पुढे २००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिकने सायनोजेनमॉड उभं केलं.

माझ्या दृष्टीने मोठी घटना मात्र याच जी-वनच्या काळात घडली. तिचं नाव नँड्रॉइड. फोनची मेमरी असते नँड प्रकारची, त्यात अँड्रॉइड मिसळून केलेलं हे नाव. त्याचं काम सोपं होतं: सिस्टम, सेटिंग्ज, अ‍ॅप्स, त्यांचा डेटा, सगळ्याची जशीच्या तशी प्रत काढायची आणि हवी तेव्हा परत बसवायची. कंपनीच्या लेखी फोनची मूळ अवस्था एकच होती. नँड्रॉइडमुळे मंगळवारी रात्रीची माझी अवस्थाही परत जाण्याजोगी ठरली. बिघाड झाला तर परत कुठे जायचं, हे पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या हातात आलं.

मग कौशिक दत्ताची क्लॉकवर्कमॉड रिकव्हरी आली. २०१० च्या सुमारास त्याच्या रॉम मॅनेजर अ‍ॅपमुळे हे काम कमांड न येणाऱ्यांच्याही आवाक्यात आलं. ती व्हॉल्यूमच्या बटणांनी चालवायची. डेटा पुसायचा पर्याय निवडला की पडद्यावर ‘नो, नो, नो’ अशी लांबलचक यादी यायची आणि त्यात कुठेतरी एकच ‘यस’. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती गंमत वाटली होती. भिशीनंतर कळलं, ती यादी माझ्यासारख्यांसाठीच होती.

२०११ मध्ये टीमविन गटाची टीडब्ल्यूआरपी आली. बोटाने चालणारी, मोठ्या बटणांची. महत्त्वाच्या कामाआधी ती पट्टी सरकवायला लावायची. मी वापरली ती हीच. त्या दिवसांत भारतात कस्टम हा शब्द दुकानापर्यंत पोचला होता. मायक्रोमॅक्सच्या यू ब्रँडचा युरेका जानेवारी २०१५ मध्ये ८,९९९ रुपयांना विकायला आला, तो सायनोजेनची सिस्टम घेऊनच.

डेटा पुसला जातो त्यामागचं कारणही मला तेव्हाच समजलं. बूटलोडर अनलॉक झाला की फोनमध्ये कुणाचीही सिस्टम, कुणाचीही रिकव्हरी चालू शकते. डेटा तसाच राहिला असता तर फोन चोरणाऱ्याने आधी अनलॉक केला असता, स्वतःची रिकव्हरी टाकली असती आणि स्क्रीन लॉकला वळसा घालून सगळं वाचलं असतं. ज्या नियमाने आईचा हिशेब घालवला, तोच नियम चोरापासून तिचा हिशेब वाचवण्यासाठी होता. फोनला आई आणि चोर यांतला फरक कळत नाही. मी माणूस असून विचारायला विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी आई २०० पानी वही घेऊन घरोघर गेली. “पोरानं फोन धुतला” एवढंच सांगायची. बायकांना सगळं आठवत होतं. कुणाची चिठ्ठी कोणत्या महिन्यात निघाली, त्या दिवशी कुणाकडे पोहे होते, कोण उशिरा आलं. दोन दिवसांत वही भरली. फक्त एका महिन्याच्या ५०० रुपयांवर एकमत होईना. आईने ते स्वतःच्या पाकिटातून घातले आणि मला एक शब्दही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

नंतर मी ते काम नीट केलं. फोनच्या नेमक्या मॉडेलची फाइल शोधली, कारण चुकीच्या मॉडेलची टाकली तर फोनची वीट होऊ शकते. फ्लॅश केल्यावर थेट रिकव्हरीतच गेलो. अनेक फोनमध्ये मूळ सिस्टम एकदा चालू झाली की ती कंपनीची रिकव्हरी गुपचूप परत बसवते. मग पहिला बॅकअप घेतला आणि लगेच कॉम्प्युटरवर काढला. टीडब्ल्यूआरपीच्या बॅकअपमध्ये अंतर्गत मेमरीतले फोटो आणि फाइली येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी काढली. आयएमईआय असलेल्या ईएफएस कप्प्याचीही काढली.

हे दार आता अरुंद होत चाललंय. २०१६ च्या पिक्सेलमध्ये रिकव्हरीचा वेगळा कप्पाच उरला नाही, ती बूटच्या कप्प्यात गेली. अँड्रॉइड १० पासून सिस्टमचे कप्पे एका मोठ्या कप्प्यात विलीन होऊ लागले. डेटा एन्क्रिप्ट असतो, त्यामुळे बाहेरून आलेल्या रिकव्हरीला तो वाचणं जड जातं. अनलॉक केलेल्या फोनवर बँकेची अनेक अ‍ॅप्स चालायला नकार देतात. सायनोजेन कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये गाशा गुंडाळायला घेतला, त्यातून उभं राहिलेलं लिनिएजओएस मात्र आजही स्वतःची रिकव्हरी देतं. ज्यांचे फोन कंपनीने वाऱ्यावर सोडले, त्यांना अजून त्याचाच आधार आहे.

गेल्या दिवाळीत आईला नवा फोन घेतला. खोका उघडताना तिनेच विचारलं, “ह्यात टाकणार का तुझी रिकव्हरी?” मी नाही म्हटलं. तिचे बँकेचे व्यवहार आता फोनवर आहेत.

भिशी अजून चालू आहे, आता २२ बायका आहेत. हिशेब वहीत असतो. चिठ्ठी निघाली की आई त्या पानाचा फोटो काढते आणि भिशीच्या ग्रुपवर टाकते, म्हणजे २२ फोनांत त्याची प्रत राहते.