कपाशीचें रोप आणि कृषिपदवी

अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें तें १९२३ सालीं. त्या काळच्या पदवीशिक्षणांत कला आणि विज्ञान या वाटा वेगळ्या आंखलेल्या असत. अमरावती जिल्ह्यांतील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं मात्र विलायतेंत वैदिक धर्मावर प्रबंध लिहिला, आणि १९५२ ते १९६२ या काळांत ते केंद्रांत कृषिमंत्री होते!

विदर्भाचें कृषिविद्यापीठ अकोल्यासच व्हावें म्हणून १९६७ सालीं आंदोलन पेटलें. गोळीबार होऊन माणसें गेलीं. २० ऑक्टोबर १९६९ रोजीं विद्यापीठ स्थापन झालें, व त्यास पंजाबरावांचें नांव मिळालें.

तेथील पदवीचा विद्यार्थी कोणत्या शास्त्राचा म्हणावा? उत्तर कपाशीच्या रोपापाशीं शोधावें. काळी जमीन पावसांत चिकटते, उन्हांत भेगाळते. तेथें मृद्‌शास्त्र हवें. बोंडांत अळी शिरली कीं कीटकशास्त्र. सरकीचें वाण निवडावयाचें तर आनुवंशिकी. आणि इतकें साधूनही बाजारांत भाव कोसळला, तर अर्थशास्त्रावांचून त्याचा उलगडा होत नाहीं. म्हणून हीं सारीं शास्त्रें एकाच पदवीच्या अभ्यासक्रमांत आलीं. शिकविणें, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत पोंचणें यांची सांगड अमेरिकेंत १८६२ च्या कायद्यानें निघालेल्या कॉलेजांतून हळूहळू बसली. भारतांत तो कित्ता प्रथम पंतनगरनें १९६० सालीं गिरविला.

चौथ्या वर्षीं विद्यार्थ्यांस खेड्यांत पाठवितात. तेथें शेतकरी पिवळें पडलेलें पान पुढें धरतो. दोष मातीचा, किडीचा कीं पाण्याचा, हें विद्यार्थ्यानेंच ओळखावयाचें असतें.