प्रौढ अपंगांचे विद्यार्जन : आपल्या मुलखातील काही ऐतिहासिक टिपणे

महोत्सवाच्या स्मरणिकेत मंदिराच्या पायाभरणीचा, घंटेचा आणि उदार दात्यांचा वृत्तांत यावयाचाच, व तो इतर लेखकांनी योग्य प्रकारे दिलेला आहे. मला ज्यांविषयी लिहावयाचे आहे ते लोक कोणत्याच वृत्तांतात येत नाहीत. कारण आपण त्यांना शिकविलेच नाही.

वीसएक वर्षांपूर्वी मी रोहण्यास प्रथम आलो, तेव्हा प्रौढांसाठी रात्रीचा वर्ग चालत असे. आर्वी तालुक्यातील ह्या कापूस-तुरीच्या मुलखात मजूर दिवस मावळल्यावरच मोकळा होतो. वीज गेली की कंदील लावून आम्ही अक्षरे गिरवून घेत असू. एके रात्री एक अंध गृहस्थ काठी टेकीत आले. वय पन्नाशीचे. त्यांच्या शेताच्या कोणत्याशा कागदावर पूर्वी त्यांचा अंगठा घेण्यात आला होता, आणि त्या कागदात सांगितले त्याहून निराळेच काही लिहिलेले निघाले होते. "मले वाचाले शिकवा," एवढीच त्यांची मागणी. मी म्हणालो, "बाबा, ह्या वयात, डोळ्यांवाचून कसे शिकाल? बसून ऐकत चला." ते म्हणाले, "फादर, आयकतच तं आलो जिंदगीभर." आणि उठून गेले. दोष सर्वस्वी माझा होता. फळा आणि अंकलिपी ह्यांपलीकडे शिक्षण असते हे मला ठाऊक नव्हते असेही नाही. सेमिनरीत मी त्याचा इतिहास वाचलेला होता.

तो इतिहास आपल्या नागपूर धर्मप्रांताच्या पालक संताचाच आहे. इ. स. 1605 मध्ये जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस दि सेल्स सॅव्हॉय प्रांतातील ला रोश गावी उपवासकाळाची प्रवचने देत असता, मार्टिन नावाचा एक जन्मतः बहिरा व मुका तरुण त्यांच्या दृष्टीस पडला. तो पंचवीस वर्षांच्या आसपासचा होता. अशांना धर्मशिक्षण देता येत नाही, अशी त्या काळची सर्वमान्य समजूत. संतांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले व हातवाऱ्यांची एक भाषा त्याच्यासह स्वतः रचून त्याला श्रद्धेची तत्त्वे समजाविली. पुढे त्याला ख्रिस्तप्रसाद व दृढीकरण दिले. बहिऱ्यांचे पालक म्हणून ख्रिस्तसभा त्यांचे स्मरण करते ते ह्याच कारणाने. त्यांचे नाव धारण करणारा मिशनरी संघ 1838 साली आन्सी येथे स्थापन झाला, आणि त्याच संघाच्या धर्मगुरूंनी ह्या प्रदेशात सुवार्ता आणली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मार्टिन बालक नव्हता, आणि त्याला भाषा शिकविण्यापूर्वी शिक्षकाला स्वतःच एक भाषा शिकावी लागली.

मुंबईत बहिऱ्या-मुक्यांची पहिली शाळा एका कॅथलिक बिशपांनीच, जेझुइट संघाच्या लिओ म्यूरिन ह्यांनी, 1885 च्या सुमारास काढली. अमृतसरला ॲनी शार्प ह्यांनी 1887 मध्ये अंधांची शाळा सुरू केली. ही कार्ये थोर खरी. पण त्यांचा भर मुख्यतः मुलांवर होता. जो पन्नाशीत अंध झाला, किंवा ज्याला लहानपणी शाळेत नेणारे कोणी भेटलेच नाही, त्याचा विचार आपल्या देशात फार उशिरा झाला, आणि तोही महायुद्धामुळे. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1943 साली डेहराडूनला एक वसतिगृह निघाले. त्यातूनच 1950 साली प्रौढ अंधांचे शासकीय शिक्षणकेंद्र उभे राहिले. पुढच्याच वर्षी भारतीय भाषांसाठी एकच अशी भारती ब्रेल लिपी मान्य झाली.

आता आपल्या वर्धा जिल्ह्याकडे वळू. 1898 च्या कायद्याने निराश्रित कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात कोंडता येत असे. अशा काळी, 1936 साली, विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण ह्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. तेथे रोगी केवळ पडून राहत नसत. ते सूत कातीत, शेती करीत, म्हणजे झडलेल्या बोटांनी काम नव्याने शिकत. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत, हस्तव्यवसायातून शिक्षण हे तत्त्व मुलांसाठी मांडले गेले. 1945 च्या सेवाग्राम परिषदेत नयी तालीमचे क्षेत्र वाढवून त्यात प्रौढशिक्षणही घेण्यात आले. गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाच्या त्याच वर्षीच्या आवृत्तीत प्रौढशिक्षण हे एक कलम आहे व कुष्ठरोगी हे दुसरे. ही दोन कलमे जोडून वाचावीत असे फारच थोड्यांस सुचले. दत्तपुरात मात्र ती जोडलेलीच होती.

सेवाग्रामातील परचुरे शास्त्रींची कुटी पुष्कळांनी पाहिली असेल. हे संस्कृत पंडित, येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे सोबती, कुष्ठरोगाने जर्जर होऊन 1939 साली आश्रमात आले. गांधीजी त्यांना स्वहस्ते मालीश करीत, हे सर्वज्ञात आहे. 1945 मध्ये दत्तपूर येथेच त्यांचे देहावसान झाले. विद्वत्ता आणि विद्रूप देह एकत्र नांदतात, हे डोळ्यांनी पाहण्याची संधी त्या काळच्या वर्धेकरांस लाभली, हा काही लहान धडा नव्हे.

ह्याच जिल्ह्यातील हिंगणघाटास 1914 साली जन्मलेले बाबा आमटे ह्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापिली व 1951 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले. दान नको, काम व कौशल्य हवे, हा त्यांचा बाणा. तेथील रोगमुक्त प्रौढ गवंडीकाम, सुतारकाम, विणकाम शिकले आणि पुढे त्यांच्याच हातांनी महाविद्यालयाची इमारत उभी राहिली. 1964 साली त्यात धडधाकट माणसांची मुले शिकू लागली! शिकविणारा कोण व शिकणारा कोण, ह्याविषयी आपल्या मनात पक्की बसलेली मांडणी तेथे उलटी झाली.

2016 साली तो 1898 चा कायदा रद्द झाला, आणि त्याच वर्षी दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा आला. त्याचे अठरावे कलम असे की, प्रौढशिक्षणात दिव्यांगांस इतरांच्या बरोबरीने सहभागी करून घेण्याची व्यवस्था शासनाने करावी. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 2 कोटी 68 लक्ष अपंग नोंदले गेले, व त्यांतील शंभरात पंचेचाळीस निरक्षर होते. कलम पुस्तकात आहे. रात्रीच्या वर्गात ते अजून आलेले नाही. ह्यात शासनाची जितकी चूक आहे तितकीच माझ्यासारख्यांचीही आहे.

अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवून काय उपयोग? ब्रेल पाटीवर टोच्याने उजवीकडून डावीकडे लिहावे लागते व कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावे लागते. मुलाचे बोट कोवळे. पऱ्हाटी वेचून, नांगराची मूठ धरून घट्टे पडलेल्या बोटाला सहा ठिपक्यांतला भेद सहजासहजी कळत नाही. पण जपानात नागाशिमा बेटावरील कुष्ठाश्रमात, अंधत्व आलेल्या व बोटांची संवेदना गेलेल्या काही रोग्यांनी ओठांनी व जिभेने ब्रेल वाचण्याचा अभ्यास केला. ही हकीगत वाचल्यावर मला माझे त्या रात्रीचे उत्तर फार लागले.

बदली होऊन मी पुन्हा रोहण्यास आलो, तेव्हा ते अंध गृहस्थ हयात होते. आता सत्तरी उलटलेली. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांना ती रात्र आठवत होती. गेल्या उपवासकाळात आम्ही एक ब्रेल पाटी मिळविली, आणि त्यांची नात व मी दोघेही ती लिपी त्यांच्याबरोबरच शिकत आहोत. नात आमच्या दोघांच्याही पुढे गेली आहे. 'अ' म्हणजे एकच ठिपका, तो त्यांना पहिल्याच दिवशी लागला. 'क' व 'ल' ह्यांत अजून गल्लत होते. बोट मऊ राहावे म्हणून ते रोज रात्री त्याला खोबरेल लावतात. स्वतःचे नाव त्यांना साध्या लिपीतही लिहावयाचे आहे, म्हणून पुठ्ठ्याची कोरीव अक्षरे कापून दिली आहेत. त्यांवरून बोट फिरवीत ते सही घोटतात. बँकेत अंगठा द्यावयाचा नाही, असे त्यांनी मला बजावून ठेवले आहे.