लिली पारचे गोल कोणी मोजले?

लिली पार हे नाव इंटरनेटवर शोधलंत तर एक आकडा लगेच समोर येतो: कारकिर्दीत सुमारे 980 गोल. काही ठिकाणी तो हजाराच्याही वर गेलेला दिसेल. संशोधनाच्या तयारीला लागला असाल तर इथे जरा थांबा. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो कोणी आणि कशावरून मोजला, एवढंच विचारूया.

लिली इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्सची, जन्म 1905 चा. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टनच्या डिक, कर कंपनीतल्या अशाच कामगार मुलींनी 1917 मध्ये फुटबॉलचा संघ उभा केला. सामन्यांचं उत्पन्न जखमी सैनिकांसाठी, इस्पितळांसाठी जायचं. लिली 1920 मध्ये संघात आली तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती. त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला 53,000 माणसं आली, आणि बाहेर हजारो ताटकळली. मदतनिधी जमला 3,000 पौंडांहून जास्त. त्या काळात हे पैसे काही थोडे नव्हेत!

पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. फुटबॉल बायकांना अजिबात योग्य नाही, आणि सामन्यांच्या उत्पन्नातला फार मोठा वाटा खर्चात जातो, अशी दोन कारणं दिली. बायकांना खेळायला थेट मनाई केली नाही, हे नीट लक्षात घ्या. संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं द्यायची नाहीत, एवढंच सांगितलं. तेवढं पुरलं. बंदी 1971 पर्यंत टिकली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. संख्याशास्त्रात आपण शिकतो की गहाळ माहिती दोन तऱ्हेची असते: योगायोगाने गहाळ झालेली, आणि ज्या गोष्टीचा आपण अभ्यास करतोय तिच्यामुळेच गहाळ झालेली. लिलीची गोष्ट दुसऱ्या तऱ्हेतली. मोठं मैदान गेलं की तिकीटविक्रीचा हिशेब जातो, वार्ताहर येईनासे होतात, अधिकृत लीग तर नव्हतीच. आणि ती खेळली 1951 पर्यंत! म्हणजे तीस वर्षांच्या कारकिर्दीतला बहुतेक काळ बंदीतला. असोसिएशनची दफ्तरं हाच तुमचा नमुना धरलात, तर या बाईची कारकीर्द जवळजवळ शून्य भरेल.

‘व्यावसायिक खेळाडू’ या शब्दाचंही तेच. सामन्यामागे दहा शिलिंग मिळायचे, तेही खर्चापोटी. पगार वेगळ्याच कामाचा. पुढे ती व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात परिचारिका होती. मग ती हौशी खेळाडू का? 1922 मध्ये हाच संघ अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळला. कोष्टकात ‘व्यावसायिक: होय/नाही’ असा रकाना आखलात तर तिला कुठे बसवाल? माझ्या मते रकानाच चुकीचा आहे. ही वर्गवारी ज्या संस्थेने ठरवली, तिनेच तिला बाहेर ठेवलं होतं.

मग आकड्याचं करायचं काय? तो फेकून देऊ नका, पण ‘असं सांगितलं जातं’ या खात्यात ठेवा आणि आजूबाजूने पुरावे जमवा. निधी मिळालेल्या इस्पितळांचे हिशेब, गावोगावची वर्तमानपत्रं, संघाबरोबरची छायाचित्रं. गेल न्यूशॅम यांनी या संघातल्या म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूंना शोधून त्यांच्या आठवणी गोळा केल्या, आणि 1994 मध्ये पुस्तक काढलं. या संघाबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच त्यांच्या कामामुळे. फक्त लिलीला विचारणं शक्य नव्हतं. ती 1978 मध्येच वारली होती.